इलॅस्टिक, लाडू आणि आमचे रक्ताभिसरण

३ जानेवारी
आज या घरात एका संस्कृतीचा अस्त झाला. शैलाने माझ्या झाडून सगळ्या पायजम्यांच्या नाड्या काढून इलॅस्टिक घातलं. विचारलंसुद्धा नाही. निषेध नोंदवला, तर म्हणे, अहो, नाडी आत गेली की तुम्ही घरभर मलाच हाका मारता.

पण यातून एक उलगडा झाला. एकांतात ऐन वेळी माझं शरीर सत्याग्रहाला बसतं, त्याचं कारण हेच. कमरेला इलॅस्टिक, पुढे रक्त जाणार कसं? तक्रार गणपतीपासूनची आणि इलॅस्टिक आजचं, हा तर्कातला किरकोळ दोष. न्यायशास्त्र शिकलेल्याने किरकोळ दोषांना भ्यायचं नसतं.

संस्कृतात या तक्रारीला ‘क्लैब्य’ म्हणतात. तीस वर्षं कॉलेजात हा शब्द किती सहज फळ्यावर लिहीत आलो!

५ जानेवारी
संकल्प : १) पहाटे फिरणे. २) बी.पी.ची गोळी नियमित घेणे. (एकादशी, चतुर्थी, प्रदोष आणि सोमवार सोडून. उपासाच्या पोटी औषध बरं नव्हे.)

कॉलेजचा जिना चढताना दम लागतो. पायऱ्या उंच आहेत. पीडब्ल्यूडीचं काम.

आमची लेक अबोली नोकरीला पुण्याला गेल्यापासून तिची खोली रिकामी आहे. शैला हल्ली तिथे झोपते. तिथला पंखा चांगला आहे म्हणे. जानेवारीत पंखा कशाला, हे मी विचारलं नाही.

६ जानेवारी
फिरणे : धुकं होतं.

८ जानेवारी
युरेका! वडिलांच्या पोथ्यांत वाजीकरणाचा अख्खा अध्याय सापडला. कवचबीज, अश्वगंधा, उडीद, खडीसाखर आणि गाईचं भरपूर तूप यांचे लाडू. फलश्रुतीत साक्षात घोड्याचं बळ. हल्लीच्या डॉक्टरांना हे वाचता येत नाही, त्याला मी काय करणार?

अमरावतीत लाडू करून घेणं अशक्य. कॉलेज सांभाळून भिक्षुकी करतो, इथल्या प्रत्येक हलवायाकडे मी लक्ष्मीपूजन केलंय. अकोल्याला जाईन. शैलाला सांगितलं, रविवारी तिकडे सत्यनारायण आहे.

१२ जानेवारी
अकोल्याहून मोठा डबा भरून आणला. दोन लाडू स्टँडवरच खाल्ले. मूर्तिजापूरपासून अंगात घोडा उधळल्यासारखं वाटलं. बडनेऱ्याला कळलं, बसचे शॉकअप गेलेत.

घरी अनर्थ. आमच्या घरची रीत अशी की यजमानाकडचा प्रसाद भटजीने दडवायचा नाही. आधी देवापुढे, मग गल्लीत. हात-पाय धुऊन येईतो शैलाने डबा देवाला दाखवून घरोघर वाटूनही टाकला होता. हा प्रसाद नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

१४ जानेवारी, संक्रांत
सकाळीच शेजारचे नत्थुजी तिळगूळ घेऊन आले. सत्तरी ओलांडलेली, भातकुलीकडे शेती. मिशीला कलप! म्हणाले, गुरुजी, तुमचा सत्यनारायण लय जबर हाय बाप्पा! आता पूजा कवा हाय अजून? मले बलावजा.

संध्याकाळच्या हळदीकुंकवात त्यांच्या दुर्गाबाईंनी शैलाला बाजूला घेतलं. म्हणाल्या, बाई, भटजीले सांग, आमच्या बुढ्याले परसाद देऊ नोका. दोन दिवसापासून गाने म्हनून राह्यला, मले नावानं हाका मारून राह्यला!

हे मला सांगताना शैला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, जाणकारासारखा. मग हसता हसता ती थांबली आणि म्हणाली, तुम्ही नाही वाटतं खाल्ला एकही?

दोन खाल्ले होते.

१८ जानेवारी
नवा डबा मागवून पूजेच्या पिशवीत लपवला. रोज तीन. शास्त्रात एक सांगितलाय, पण ते सत्ययुगातल्या तुपाचं प्रमाण.

छातीवर जडपणा. उडदाचा गॅस.

बाकी प्रगती नाही. घोडा वाटेत असावा.

२१ जानेवारी
शेवटी पुन्हा अकोला, आता डॉक्टर. तिथे मला कोण ओळखतंय, असं म्हणून गच्च भरलेल्या हॉलमध्ये बसलो. आतून डॉ. गजेंद्र बाहेर आले, ‘गुरुजी!’ म्हणून ओरडले आणि सगळ्यांसमोर पाया पडले. त्यांचं लग्न मीच लावलं होतं. सप्तपदीला ‘शॉर्टमध्ये घ्या’ म्हणून भुणभुण करणारा नवरदेव तो हाच.

आत गेल्यावर सांगितलं, एका यजमानांची नाजूक तक्रार आहे, त्यांच्या वतीने आलोय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. यजमानांना जिना चढताना दम लागतो का? म्हटलं, पायऱ्या उंच आहेत. छाती जड होते? म्हटलं, उडीद. बी.पी.ची गोळी रोज घेतात? म्हटलं, धर्मशास्त्र सांभाळून. मग म्हणाले, गुरुजी, यजमानांची बाही वर करा.

इलॅस्टिकचा सिद्धांत मांडला. हसले नाहीत, हेच वाईट वाटलं. म्हणाले, त्या भागातल्या रक्तवाहिन्या हृदयातल्यांपेक्षा बारीक. चरबी साचायला लागली की आधी तिथे कळतं, हृदयाचं मागाहून. ती प्रसिद्ध गोळी मागितली, तर म्हणाले, हृदय तपासल्याशिवाय अजिबात नाही, आणि कोणाकडून मागूनही घ्यायची नाही. लाडू बंद. बी.पी.ची गोळी एकादशीलासुद्धा.

मग त्यांनीच एका हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे धावत्या पट्ट्यावर चालवलं. मी रंगात आलो होतो, तेवढ्यात त्यांनी मशीन बंद केलं आणि मला झोपवलं. मशीन जुनं असावं.

सोमवारी अँजिओग्राफी. काकूंना घेऊन या म्हणाले. म्हटलं, काकू हळदीकुंकवात आहेत.

२३ जानेवारी
संकल्प : आज शैलाला सगळं सांगणे.

संध्याकाळी हातभर प्रस्तावना केली. विषय शरीराच्या नश्वरतेवरून सुरू झाला आणि गॅस सिलिंडरच्या नंबरावर संपला.

२६ जानेवारी
दुपारी शैला तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, एक विचारू? माझ्यातच काही कमी झालंय का हो? मी म्हणालो, शेंगा यंदा चांगल्या भरल्यात.

ती उठून आत गेली.

उद्या सकाळी निघायचंय आणि तिला अजून काहीच माहीत नाही. मला भीती वाटते. छातीची वाटते, टेबलावर झोपायची वाटते. पण सगळ्यात जास्त भीती याची, की तिथे माझं काही बरंवाईट झालं, तर शैला उरलेला सगळा जन्म हेच धरून बसेल की ती मला नकोशी झाली होती.