दयाळाला शांतता हवी

४ मार्च
पक्षीमंडळाचे अध्यक्ष असलेले डेंटिस्ट पद सोडताहेत. १६ तारखेला, रविवारी, पहाटे सगळे सभासद आमच्या गॅलरीत पक्ष्यांची गाणी ऐकतील आणि मग चहावर नवा अध्यक्ष निवडतील. बोलावणं अर्थातच माझं. जन्मभर मुख्याध्यापिका होते. आठ-दहा माणसं सांभाळणं म्हणजे हातचा मळ. प्रतिस्पर्धी एकच, तळमजल्यावरच्या लायब्ररियनबाई. फार मवाळ. मवाळपणानं मंडळं चालत नाहीत.

५ मार्च
गॅलरीत नुसता पसारा. वेल मोकाट वाढलेली, कठड्यावर शिटा. वेल छाटली, कठडा फिनेलनं पुसला. स्वच्छता कुणाला आवडत नाही?

७ मार्च, सकाळी
पक्षी नाहीत. बुजले असावेत. सून म्हणाली, आई, त्या वेलीत बुलबुलांचं घरटं चाललं होतं. म्हटलं, मग आधी सांगायला काय झालं होतं? म्हणाली, कात्री तुमच्या हातात होती.

९ मार्च
बशीत दाणे ठेवले. कबुतरं आली. भांडकुदळ जात, गाणं शून्य. टाळ्या वाजवून हाकलली. मागोमाग चिमण्याही गेल्या. त्यांना कुणी जायला सांगितलं नव्हतं.

१२ मार्च
शोध लागला. मागच्या अडगळीच्या खोलीच्या खिडकीबाहेर यांनी टाकलेल्या रंगाच्या डब्यात दयाळाची जोडी आहे. नर रोज उजाडताना गातो. यांना महिनाभर ठाऊक होतं. मला का सांगितलं नाही, विचारलं. हे म्हणाले, तू खोली आवरली असतीस.
काय हा गैरसमज. आवरणार होते, पण कार्यक्रमानंतर.

१५ मार्च, पहाटे
रंगीत तालीम. दयाळ गायला लागला. हे खोकले. मी 'गप्प' एवढंच म्हटलं. दयाळ गप्प झाला. पाखरू असूनही ऐकतं. घरातल्या माणसांनी शिकावं. मात्र उद्या खाली रस्त्यावर कडक बंदोबस्त हवा.

१६ मार्च, रविवार
सगळे अडगळीत दाटीवाटीनं बसले, खोक्यांवर. एकाची चप्पल वाजली, मी समज दिली. दुसऱ्यानं पिशवी चुरचुरवली, त्यालाही. डेंटिस्ट कुजबुजले, बाई, रस्त्याकडे तुम्हीच बघाल का? अशी जबाबदारी माझ्याशिवाय कोण घेणार? खाली गेले. दूधवाल्याला सायकल ढकलत न्यायला लावली. एक स्कूटर कोपऱ्यावरूनच परत फिरवली.
वर आले तर गाणं संपलेलं. सगळ्यांचे चेहरे निवलेले, डेंटिस्ट चष्मा पुसत होते. यांना विचारलं, कधी गायला? हे म्हणाले, तू जिना उतरलीस तेव्हापासून.
मग चहा झाला. लायब्ररियनबाई अध्यक्ष, एकमतानं. माझंही मत त्यातच धरलं. मी तेव्हा चहा गाळत होते. माझ्यासाठी मात्र खास नवं पद काढलं: बाह्य शांतता प्रमुख. मंडळ पक्षी ऐकायला जमेल तेव्हा दर वेळी लोकांची वर्दळ लांबच थोपवायची. डेंटिस्ट म्हणाले, हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही. खरंच आहे. सूनबाई तोंडाला पदर लावून आत गेली, अभिमानानं.
किती लांब उभं राहायचं, विचारलं. चौकापर्यंत? नव्या अध्यक्षबाई म्हणाल्या, चौकाच्या पुढे बसस्टॉप आहे, तिथे बाकही आहे, बसायला बरं पडेल.
तिथून मला गाणं ऐकू येणार नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.
त्या म्हणाल्या, हो ना.