चादरीखालचे अण्णा

१८ ऑक्टोबर १९५६, बुऱ्हाणपूर
वर्ग सुरू झाला. शनवारा दरवाज्याजवळच्या व्यायामशाळेत, शाळा सुटल्यावर. शरीररचना, हालचाल व अंगमर्दन. आम्हा कवायत-मास्तरांना सक्तीचं. खंडव्याहून एक डॉक्टर शिकवायला येतात. पोरांचे हातपाय हलवणाऱ्याला ते आतून कसे असतात हे कळायला हवं, असं खात्याचं म्हणणं. बरोबरच आहे. पण पस्तिशीत हाडं पाठ करायची म्हणजे जिवावर येतं.

सांगाडा नाही. त्याची मागणी नागपूरला गेली होती. आता राजधानी भोपाळला चालली, तेव्हा मागणीही तिकडे जाईल म्हणतात. तोवर सांगाडा म्हणजे गुलाब पहिलवान. आमच्यातला सर्वांत धिप्पाड मास्तर, त्याच्यात हाड शोधायचं म्हणजे विहीर खणण्यासारखं. डॉक्टरांनी शेवटी कोळशानं त्याच्या पाठीवर मणके काढले.

२० ऑक्टो.
गुलाब कोळसा न पुसता तसाच उघडा घरी गेला. म्हातारी आई ओरडली, शेजारी जमले. आज तो सदरा घालूनच बसला होता, काढायला तयार होईना.

२६ ऑक्टो.
डॉक्टरांचे दोन नियम. एक : प्रत्येकानं एकच दुखणाईत माणूस धरायचा, परीक्षेपर्यंत त्याच्यावरच हात चालवायचा, आणि परीक्षेला त्यालाच आणायचं. दोन : मालिश करताना तोंड बंद. "हातानं विचारायचं, तोंडानं नाही."
दुसरा नियम मला जड जाणार. पंधरा वर्षं मैदानावर ओरडतो आहे. आणि दुखणाईत माणूस कुठून आणू? बायको, म्हणजे कु., ठणठणीत आहे. कधी नव्हे ते वाईट वाटलं.

१ नोव्हेंबर
नवं राज्य झालं. शाळेत झेंडा, पेढे. आमचं अकोला तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे. हेडमास्तरांनी सांगितलं, मूळचे वऱ्हाडातले जे आहेत त्यांना मार्चअखेरपर्यंत परत जायचं की राहायचं ते कळवता येईल. म्हणजे मी. दादाचं अकोल्याहून कार्ड आलंच : "निघून ये, आता हिंदीत कवायत घेणार आहेस का?"
कु.ला विचारलं. "तुम्ही ठरवाल ते." यातून काही कळत नाही. एकुलती एक आहे. माहेर राजपुऱ्यात, हाकेच्या अंतरावर.

५ नोव्हें.
दिवाळीचं जेवण सासरी. अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा नियम असा की जावयाचा पाट ते स्वतःच्या हातानं मांडणार. केळीच्या बागेत सबंध दिवस राबतील, पण पाटाला गड्याला हात लावू देणार नाहीत. मांडायला वाकले आणि वाकलेच राहिले. कंबर धरली.
मी एकदम पुढे झालो. कटिभाग कुठे ते आता ठाऊक आहे. हात लावणार तोच ओरडले, "हात नका लावू! जावई देव अस्ते, मले पाप लागन!" आणि तसेच काटकोनात अंगणभर माझ्यापासून पळाले. मी मागे, ते पुढे. सासूबाई मधे आल्या म्हणून थांबलो. पुरणपोळी गार झाली.

१२ नोव्हें.
अण्णा अजून वाकडेच. कळ मांडीमागून पिंढरीपर्यंत येते म्हणे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, रोज मालिश आणि हळूहळू हालचाल, दुसरं काही नको.
गुलाबला पाठवून पाहिलं. एकदाच हात फिरवला. अण्णांनी त्याला बागेच्या कुंपणापर्यंत शिव्या दिल्या, तेवढं अंतर मात्र सरळ चालले.
माझा माणूस समोर आहे आणि मला शिवायला बंदी. कु. म्हणते, "तुमच्या हातून पाय चेपून घेण्यापेक्षा अण्णा लंगडत राहतील. आणि महाशिवरात्रीला असीरगडावर गेले नाहीत तर खचतील." दरवर्षी गडावरच्या महादेवाला पायी चढून जातात. स्वतःच्या लग्नाच्या आधीपासून, एकदाही चुकलेलं नाही.

१६ नोव्हें.
कु.ची अक्कल! आज अण्णांना पालथं झोपवलं, डोक्यापासून सोलापुरी चादर घातली, फक्त पाठ उघडी. मग मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, शहरातून मालिशवाला आणलाय. मुका आहे बिचारा."
मी दारात. हातात तिळाचं तेल.
चादरीची कड आतून घट्ट ओढली गेली. मग, "येऊ दे."
चेहरा दिसला नाही तर पाप लागत नाही, असं काही अण्णांच्या मनात ठरलं असावं. मी विचारायला कशाला जाऊ!

२३ नोव्हें.
चादरीखाली अण्णा बोलतात. बाहेर मला "जावईबापू, या, बसा, चहा घ्या" याच्या पुढे कधी गेले नाहीत, आणि तिथे थांबतच नाहीत. आज :
"तू हात चांगला चालवतो रे. आमचे जावई बी मास्तरच हायेत. लेकिन कवायतीचे. पोरांले डावा-उजवा सांगते दिवसभर. त्याले काय शिकनं लागते?"
गप्प बसलो. नियम.
"मी तं कुसुमसाठी वकील पाह्यला होता."
माझा अंगठा जरा खोल गेला. "अरे धीरे, धीरे! मारतो का बे!"
घरी येताना कु.ला विचारलं, कोण वकील? ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. मला काही हसू आलं नाही.

३ डिसेंबर
अण्णा आता अर्ध्यापर्यंत सरळ होतात. डॉक्टरांनी घर्षण, मर्दन, थापट्या सगळं माझ्याकडून गुलाबच्या पाठीवर करून घेतलं. म्हणाले, हात सुधारला. गुलाब म्हणाला, झोप आली.
सासरी आज अण्णांचे पायही अवघडले. पायांना हात लागला तर चालेल का, यावर चादरीखाली विचार चालला असावा. शेवटी म्हणाले, "गुडघ्याच्या वर ठेव रे बाबा. खाली जाऊ नको." शरीररचनेत पाप गुडघ्याखाली सुरू होतं हे आजच कळलं.

२१ डिसें.
आज बाहेर, ओसरीवर, भेटलो तर अण्णांनी मला कौतुकानं सांगितलं, "जावईबापू, एक मालिशवाला मिळाला, लई गुनी. तुम्हाले कधी कंबर दुखली तं सांगजा." मी म्हणालो, सांगीन. दोघंही गंभीर होतो. सासूबाई पदर तोंडात धरून आत गेल्या.

९ जानेवारी १९५७
दादाचं पुन्हा कार्ड. अकोल्याच्या एका शाळेत जागा आहे, आपल्या घराजवळ. आपली भाषा, आपले लोक. मन ओढतं, खोटं कशाला बोलू. इथे वर्गात डॉक्टरांनीही आता हिंदीत शिकवायला घेतलंय. मणके तेच आहेत, तरी परके वाटतात.

१५ जाने.
संक्रांतीचा तीळगूळ द्यायला गेलो. अण्णा, "गोड बोला." मी, "गोड बोला." बास.
मग चादर. श्वास संथ चालला होता. मला वाटलं झोप लागली. मग :
"एक सांगू का तुले. जावई अकोल्याले जाणार म्हन्ते. मले कोणी सांगत नाही, पण मले मालूम हाये. पोरगी जाईन. जाऊ दे. पोरगी परक्याचीच अस्ते." चादर सारखी करून, "पण जावयाले थांबा म्हनता येते का? नाही येत. जावयाजवळ काही मागता येत नाही. मरून जावं पण मागू नाही."
माझे हात थांबले.
"काबरं थांबला बे? चाल."
चालवले. मला फार वाईट वाटलं. आणि दादाचं कार्ड खिशात, त्याचा कोपरा टोचत होता. कु.ला काही सांगितलं नाही. तिनं बहुतेक दाराआडून ऐकलंच.

१६ फेब्रुवारी
परीक्षा. परीक्षक भोपाळकडचे, हिंदी बोलणारे, करडे. हाडं विचारली, सगळी सांगितली, एक मराठीत, एक हिंदीत, जी सापडेल तशी. मग "आपका मरीज?"
धसका होता. मालिशवाल्याची परीक्षा आहे एवढंच कु.नं अण्णांच्या कानावर घातलं होतं; ते येणार की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर टांगा थांबला. आतून सोलापुरी चादर उतरली, खाली अण्णांचे जोडे. गुलाबनं धरून आत आणलं, पालथं झोपवलं; मी हातांना तेल लावलं. परीक्षक म्हणाले, "ये चेहरा क्यों ढका है?" मी म्हणालो, इन्हें उजाला चुभता है. ते ऐकेनात. "मरीज का मुँह दिखना चाहिए," आणि चादर ओढली.
अण्णा आणि मी समोरासमोर.
अण्णांनी डोळे मोठे केले. "अरे! जावईबापू! तुम्ही इथं कसे?" आणि पडल्यापडल्या हात जोडले. परीक्षकांनी विचारलं, ये कौन हैं आपके? अण्णांनीच उत्तर दिलं, "हमारे जमाई हैं साब. यहाँ कवायत सिखाते हैं. मालिशवाला अलग है, वो अभी बाहर गया."
परीक्षकांनी माझे तेलकट हात पाहिले. चादर पाहिली. चादर परत अण्णांच्या डोक्यावर टाकली. "ठीक है. मालिशवाले को बुलाइए."
मी दाराबाहेर गेलो आणि आत आलो.
पास.

२८ फेब्रु.
काल महाशिवरात्र. अण्णा गड चढले. मी मागून, पडले तर धरायला. पडले नाहीत. वर बेल वाहून वळले, मला म्हणाले, "जावईबापू, दमले असाल, बसा." मीच दमलो होतो. पिंढऱ्या भरून आल्या. कुठला स्नायू ते सांगता येईल, पण त्यानं दुखणं कमी होत नाही.

१८ मार्च
अण्णांची कंबर आता खणखणीत. मालिशवाल्याचं काम संपलं. त्यामुळे चादरही घडी करून ठेवली. बाहेर परत चहा घ्या, बसा. मला करमत नाही. दादाला अजून कळवलं नाही. हेडमास्तर रोज विचारतात.

२९ मार्च
संध्याकाळी कु. माहेराहून आली. "अण्णांनी मालिशवाल्याला बोलावलंय."
"दुखतंय का?"
"नाही. म्हणाले, बोलव."
गेलो. चादर पांघरून पालथे तयार. पाठ तर लाकडासारखी सरळ. तेल घेतलं, हात चालवायला लागलो. नुसता श्वास, वरखाली.
मग, "तुझी आमच्या जावयाशी ओळख असंन. ते काय म्हन्ते?"
मुका मालिशवाला. तोंड बंदचा नियम. अण्णा थांबले होते, पाठीचे स्नायू ताठ, हाताखाली सगळं कळत होतं. कु. दारात उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
मी बोललो. "जावई अजून ठरवताहेत."
चादर हलली. पाठ सैल पडली, हळूच.
"सावकाश ठरवा म्हनावं त्यायले," अण्णा म्हणाले. "आन् तू, तोपर्यंत, गुडघ्याखाली बी दाब जरासं."