अहो, तीनशे बारा

४ जून
जेलरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हातारे आणि शेवटच्या दुखण्यातले कैदी यांची काळजी कशी घ्यायची, याचं स्टाफला ट्रेनिंग सुरू होतंय. चार आठवडे. पहिल्या बॅचला माझं एकट्याचं नाव. साहेब म्हणाले, तुमच्यासारखा माणूस बराकीत नकोच, दवाखान्यातच बरा. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं मोकळं कौतुक पहिल्यांदाच. बराकीतल्या कैद्यांनीही म्हणे सह्या करून तसा अर्ज दिला होता. भरून आलं.

५ जून
ट्रेनिंग देणाऱ्या सिस्टर माझ्या खांद्यालाही लागत नाहीत. आवाज इतका हळू की कान टवकारावे लागतात. पहिला धडा: ऐकणं. पेशंटजवळ बसायचं, त्याला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. मी म्हटलं, एवढंच? आणि ऐकण्याचं महत्त्व या विषयावर माझे विचार मांडले. तेवढ्यात लेक्चरची वेळ संपली.
घरी हिला सांगितलं, ऐकून घ्यायचा कोर्स करतोय. ही म्हणाली, कोण, तुम्ही? आणि स्वयंपाकघरात गेली. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. आनंद झाला असावा.

६ जून
आजपासून कैद्यांना अरे-तुरे बंद. मला पेशंट मिळाला: नंबर तीनशे बारा. जन्मठेपेचा कैदी. जेलची सगळी रजिस्टरं तीस वर्षं त्यानेच बांधली, म्हणून सगळे त्याला बाइंडर म्हणतात. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांच्या मते जेमतेम महिना. नुसता हाडांचा सापळा, पण डोळे तरतरीत. शिकवल्याप्रमाणे आदराने हाक मारली, "अहो, तीनशे बारा!" त्याला खोकल्याची उबळ आली. आदराची सवय नसते या लोकांना.

१० जून
संकल्प: रोज दहा मिनिटं गप्प बसणे. आज दीड झाली. सुरुवात म्हणून वाईट नाही.
बाइंडर म्हणाला, साहेब, एक सांगायचं होतं. मी म्हटलं, आभारप्रदर्शन नंतर. आणि माझ्या नोकरीची पहिली सात वर्षं सांगितली. इतका रंगून ऐकत होता की कपाळावर घाम आला. पाऊण तासाने सिस्टर धावत आल्या. माझ्या खुर्चीचा पाय म्हणे त्याच्या लघवीच्या नळीवर होता. नळ्या अशा लोंबत्या ठेवणं हा दवाखान्याचा ढिसाळपणा आहे. वर कळवणार.

१३ जून
प्रॅक्टिकल: पेशंटची कूस बदलणे. सिस्टरनी दोनदा करून दाखवलं. मी म्हटलं, बास, हात लावू नका, पाहत राहा. त्याला डावीकडे वळवलं आणि माझ्या कमरेत उसण भरली. शेजारच्या कॉटवर दोन तास आडवा. बाइंडर विचारत होता, साहेब, माझी उशी देऊ का? घेतली. दुबळ्या माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो असं वाटू द्यावं. हे पुस्तकात नाही. मला सुचलं.

१७ जून
दहा मिनिटांचा संकल्प शुक्रवारपासून. गुरुवारपर्यंत विषय तुंबलेत.
बाइंडर म्हणाला, माझी एक बहीण आहे, साहेब. मी म्हटलं, नातेवाईक म्हणजे डोक्याला ताप. आणि ओघात मुलीचं सांगून टाकलं. लग्नात जावयाला उपदेशाचे चार शब्द सांगितले, माइकवर, जेमतेम तासभर, त्याचा राग धरून ती तीन वर्षं फक्त आईशी बोलते. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाइंडरने माझ्या हातावर हात ठेवला. खरं तर कोर्सनुसार हे मी करायचं. असो. टीमवर्क.

२० जून
फॉर्म भरायचा होता. रकाना: 'पेशंटची इच्छा'. विचारायचं राहून गेलं. पण माणूस इतका शांत दिसतो की विचारणं बरं दिसलं नसतं. 'काही नाही. समाधानी' असं लिहून दिलं.

२१ जून
सिस्टरनी फॉर्म परत केला. स्वतः जाऊन त्याच्याजवळ बसल्या. तो म्हणाला, बहिणीला एकदा बघायचंय. दोन मिनिटांत बोलला! मी पंधरा दिवस जमीन नांगरून ठेवली म्हणून. सिस्टरनी बहिणीचा पत्ता घेऊन लगेच निरोप धाडला. मला काही म्हणाल्या नाहीत. सल्ला घ्यायला संकोचल्या असाव्यात.

२५ जून, दुपारी ३
बहीण आली. बरीच थकलेली, काठी टेकत, दोन बस बदलून. मला पहाऱ्याला खोलीत थांबायचं होतं. ती त्याच्या पायाशी बसली. तो तिच्याकडे बघतोय, ती त्याच्याकडे. दोघंही चिडीचूप. पाच मिनिटं झाली तरी तेच. मला त्यांची दया आली. वातावरण हलकं व्हावं म्हणून माझ्या बदलीचा किस्सा सुरू केला. सिस्टरनी दंडाला धरून बाहेर नेलं. लहान चणीच्या बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.
काचेतून दिसत होतं. बहीण ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसत होती. बोलत तरीही नव्हती.

२७ जून
पहाटे बाइंडर गेला. बहीण आणि सिस्टर जवळ होत्या. माझी ड्युटी आठपासून. गेलो तर कॉट रिकामी, चादर बदललेली. तरी बसलो थोडा वेळ. बदलीचा किस्सा अर्धाच राहिला होता.

१ जुलै
रिझल्ट. 'पुन्हा ट्रेनिंग आवश्यक.' मी म्हटलं, पेशंटचं मत घेतलं का? सिस्टरनी कागद पुढे केला. बाइंडरने सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलेलं.
तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं का? — माझं फार नव्हतं. साहेबांचं बरंच होतं.
त्रास कमी झाला का? — साहेब बोलायला लागले की झोप चांगली लागायची.
आणखी काही? — साहेबांना असं मध्येच सोडून जाणं बरं वाटत नाही. त्यांना घरी, कामावर ऐकणारं कुणी नाही. माझ्यामागे त्यांच्याजवळ कुणीतरी बसत जावं.
सिस्टर म्हणाल्या, बसा. बसलो. त्याही बसल्या. बोला म्हणाल्या. काही सुचेना.

संध्याकाळी ७
घरी आलो. चपला काढल्या. हिने विचारलं, काय झालं रिझल्टचं? मी काही बोललो नाही. चहा घेतला. तरी बोललो नाही. ही घाबरली. कपाळाला हात लावून पाहिला. मग बाहेर जाऊन मुलीला फोन केला. ऐकू येत होतं: अगं, ताबडतोब ये, बाबांचं काही खरं दिसत नाही.