पुण्याहून लागणारा बल्ब

अव्वा,

एक बल्ब निवडायला मला दुकानाच्या तीन खेपा पडल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, बल्ब आणायला गेलतीस का नवरदेव बघायला? तुझ्या वेळी दुकानदार बल्ब होल्डरला लावून दाखवायचा, लागला की कागदात गुंडाळून द्यायचा, झालं. आता बल्बला अक्कल आली आहे. तो फोनवरून लागतो, मंद होतो, हौस असेल तर निळा-जांभळाही होतो. मी इथं सोलापुरात असताना तुझा नातू पुण्यात बसून माझ्या व्हरांड्यातला बल्ब लावू शकतो. खोटं वाटेल तुला, पण खरं आहे.

त्याचं कारण सांगते. संध्याकाळी मी पलीकडच्या गल्लीतल्या मुलींना गणित शिकवायला जाते. उन्हाळ्यात अशीच परतले, अंधारात चाचपडत कुलूप काढलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर आपटले. मनगट मोडलं. तुझा नातू धावत आला आणि म्हणाला, "आई, बास झालं आता. घराला कुलूप लाव आणि चल पुण्याला." त्याच्या घरी मला काही कमी नाही, सून गुणाची आहे. पण तिथं मी दिवसभर करू काय? माझ्या मुली, माझा फळा, माझी दुपारची झोप सगळं इथं आहे. शेवटी आमच्यात तह झाला. मी शिकवणीहून निघताना फोन करायचा, त्यानं तिथून बल्ब लावायचा. महिनाभर हे नीट चाललं तर मी इथंच, नाही तर बोऱ्याबिस्तर पुण्याला.

दुकानदारानं काउंटरवर तीन कंपन्यांचे खोके मांडले. एक स्वस्त, त्यात सतराशे साठ रंग. दुसऱ्याला फोनशी जोडायला आणखी एक डबी घ्यावी लागत होती. तिसरा महाग, पण लाइट जाऊन परत आली की आधी जसा होता तसाच राहतो म्हणे, उगाच भर दुपारी पेटून बसत नाही. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते तुला सांगायला नको. मी चष्मा लावून खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचत होते, एकेका बल्बकडे टक लावून बघत होते आणि मला तू आठवलीस. दुकानात तू मला कोपर मारून म्हणायचीस, "बल्बकडं काय बगतीस? डोळं दिपत्याल. उजेड कुटं पडतोय ते बग की." आणि त्या उजेडात पदराचा काठ धरून बघायचीस. मीही माझा पदर धरला. दुकानदार हसला, पण माझी निवड झाली. तो महागाचाच पिवळसर, शांत उजेडाचा होता, तोच घेतला.

आणि तो घरी चालेना! मी फोन करायचे, पोरगा म्हणायचा, "आई, बल्ब ऑफलाइन दाखवतोय. भिंतीवरचं बटण चालू आहे ना? ते बंद असलं तर इथून लागत नाही." "आहे रे बाबा, चालू ठेवूनच निघाले." परत आले की घर काळंकुट्ट. खेप घालून बल्ब बदलला, दुसऱ्या कंपनीचा आणला, पुन्हा तेच. तिसऱ्या कंपनीचाही तसाच. दुकानात प्रत्येक बल्ब दिवाळीसारखा लागायचा आणि माझ्या घरी मुका. पोरगा आता नुसता "हं" म्हणायचा. त्या "हं"मध्ये मला पुण्याची खोली दिसायची.

शेवटी दुकानदारच घरी आला. बल्ब बघितला, फोन बघितला, सगळं ठीक. आम्ही दोघं बाहेर पडलो, मी कुलूप लावलं, तर तो म्हणतो, "ओ बाई, आत्ता काय केला तुमी?"

"काय केलं? कुलूप लावलं."

"त्याच्या आदी की. चप्पल घालताना हात गेला बगा बटणावर. केला बंद."

मी देवाशपथ सांगते अव्वा, मला कळलंही नव्हतं.

तो हात तुझा होता. मुलींच्या बोर्डिंगात तू भाकऱ्या थापायचीस, आणि मी कोठीतली लाइट चालू ठेवून आले म्हणून तव्यावरची भाकरी सोडून आलीस आणि सगळ्या पोरींदेखत ओरडलीस, "कुणासाटी जळतंय हे? तितं कोण बसलंय?" मी रडले होते. तेव्हापासून हात आपणहून जातो.

दुकानदारानं बटणावर चिकटपट्टी लावून दिली. दुसऱ्या दिवशी चप्पल घालताना बोट पट्टीवर अडलं आणि मी तशीच उभी राहिले. बोर्डिंगातला एक दिवा मात्र तू कधी बंद केला नाहीस. करमाळ्याकडची एक पोरगी सुट्टीहून यायची, तिची एसटी हटकून उशिरा. रेक्टरबाई पायरीवरची लाइट बंद करायला सांगतात आणि तू पदर खोचून उभी आहेस. "पोरगी आल्याबिगर न्हाय वो बाई. आपली कुणीतरी वाट बगतंय, हे तिला लांबनं दिसाय नको व्हय?" मी तिथंच ताटं पुसत होते. तुझ्या भाकऱ्यांचे, माझ्या शाळेचे उपकार मी कायम मानले. ही एक गोष्ट दिलीस तिचे मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. पोरगा माझ्यावर पहारा ठेवतोय असं मला इतके दिवस वाटत होतं. मी पट्टीवरचं बोट काढलं आणि निघाले.

त्या संध्याकाळी बल्ब लागला. महिना नीट गेला, पुणे टळलं. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे कागद कुठं पाठवायचे नाहीतच. तरी एक सांगून टाकते. काल मुलींना सुट्टी होती. दिवेलागणीला मी चप्पल घातली, कोपऱ्यापर्यंत गेले, तिथून पोराला फोन केला, "निघाले रे," आणि सावकाश चालत उजेडात घरी आले. शिकवणी कशी झाली म्हणून त्यानं विचारलं. छान झाली म्हणाले.