गढीवरचं हळदीकुंकू

प्रशिक्षण केंद्र,
२६ डिसेंबर २०२४

ती. महानंदाआत्यांस,
संस्कृतीचा शि. सा. न. वि. वि.

इथे सुखरूप पोचले. फौजदार व्हायचं म्हणजे आधी फोन जमा करायचा, हे पहिल्याच दिवशी कळलं. रविवारी थोडा वेळ फोन हातात मिळतो, पण तो सगळा वेळ मी जेवले का, हे विचारण्यात आईच घालवते. म्हणून हे पत्र.

एक काम आहे, रागावू नका. तुमच्या घरच्या माझ्या कपाटात टॅब आहे. त्यात एक फुकट खेळता येणारा ऑनलाइन खेळ आहे. त्यात आपण व्हॅम्पायर असतो, म्हणजे रक्त पिणारं पिशाच्च. जगभरातली माणसं एकाच वेळी तो खेळत असतात. मी आणि प्रियंकाने चार वर्षं खपून त्यात एक गढी उभी केली. प्रियंका म्हणजे अक्कलकोटची, कॉलेजात असताना तुमच्याकडे जेवायला असायची ती. मागच्या वर्षी लग्न होऊन ती माळशिरसला गेली. तिचं लग्न आणि माझी मैदानी चाचणी एकाच दिवशी आली. मी लग्नाला गेले नाही. पुढे तिचा नंबर बदलला आणि आमचं बोलणंच संपलं. तिची व्हॅम्पायर मात्र गढीत शवपेटीत झोपलेली आहे.

गढी पडली तर आतल्या पेट्या जळतात आणि त्यातलं माणूस कायमचं पुसलं जातं. प्रियंका कधी परत आली, तर तिची पेटी जागेवर दिसली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. वेशीवर ‘अवस’ नावाची एक बया टोळी घेऊन कितीतरी महिने बसली आहे. ‘मी आहे, आत घे’ असे निरोप पाठवत असते. तिला उत्तर देऊ नका. रोज थोडी शिकार करा, नाहीतर पहारेकरी झोपतात. आणि प्रियंकाच्या पेटीपुढची मेणबत्ती रोज बदला; निघताना मोठी लावून आले आहे, ती आठवडाभर पुरेल. खेळात तिचा काही उपयोग नाही, पण बदला.

कारभारी म्हणून तुमचं नाव घालून ठेवलं आहे. आईला सांगितलं असतं तर तिने टॅबवरूनच मीठमिरच्या ओवाळल्या असत्या. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात, वेढा काय असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आशीर्वाद आहेतच, थोडी मदतही असू द्या.
आपली,
संस्कृती


शुक्रवार पेठ, सोलापूर,
८ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून पहिल्यांदा मी नकाराचे पत्र लिहायला घेतले होते. शिकलेली मुलगी, उद्या अंगावर वर्दी चढायची, आणि डोक्यात पिशाच्चे! मग म्हटले, नकार द्यायचा तर वस्तू बघून द्यावा. टॅब उघडला. सकाळी नऊला उघडला आणि मान वर केली तेव्हा डाळ करपली होती.

हा खेळ ज्या देशातून चालतो, तिथली मध्यरात्र आपल्या दुपारी पडते, हे तू मला सांगितले नाहीस. बाहेर ऊन रणरणते आहे, पापडवाला ओरडत चालला आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून चांदण्यात एका सरदाराचा पाठलाग करते आहे! काल त्याला घोड्यावरून पाडले. मी इतक्या मोठ्याने ‘धर’ म्हणाले, की शेजारच्या अंबुबाई उंदीर शिरला समजून झाडू घेऊन धावत आल्या. त्या आता रोज दुपारी येतात. तलवार कुठली घ्यावी याबद्दल त्यांची ठाम मते आहेत आणि ती सगळी चुकीची आहेत.

तुझ्या कारभाराबद्दल बोलायचे तर शिस्त शून्य. भांडारात रक्ताच्या कुप्या मेणबत्त्यांत मिसळून टाकल्या होत्यास. मी सगळे नीट लावले. मध्येमध्ये एक मुलगी येऊन रत्ने विकत घ्या म्हणते. तिला सांगितले, फुकट आहे म्हणूनच बसले आहे. कोळ्याची जाळी मात्र निघत नाहीत. ती म्हणे शोभेची आहेत. कसली शोभा ती!

प्रियंकाच्या पेटीपुढे रोज मेणबत्ती लावते. मला ती पोरगी आवडायची. भाकरी वाढली की ‘बास’ म्हणायची आणि ताट पुढे करायची.

आता महत्त्वाचे. वेशीवरच्या त्या बायकांकडे मी रोज बघते. ऊन नाही म्हणावे तर चांदण्यात का होईना, उभ्याच असतात. आपल्याकडचे संक्रांतीचे हळदीकुंकू यंदा सोळा तारखेला आहे. तुझे काका गेल्यावर मला बोलावताना काही बायका अडखळू लागल्या. तेव्हापासून मी माझ्या घरी सगळ्यांना बोलावते, हे तुला ठाऊक आहे. मग दारात उभ्या असलेल्यांनाच कसे वगळू? ‘निमंत्रण’ असे एक बटण सापडले आहे. चार वर्षांत तू ते एकदाही दाबलेले दिसत नाही. मी सोळा तारखेला दाबणार. त्या सगळ्याच मेलेल्या, त्यात सवाष्ण कोण आणि विधवा कोण, हे विचारायचीही गरज नाही.

गड्ड्याची जत्रा भरते आहे, गल्लीत पाहुण्यांची वर्दळ आहे. तब्येत सांभाळ. धावताना पाय टाचेवर टाकू नकोस.

तुझ्या काळजीत आणि तुझ्या गढीत असलेली,
महानंदाआत्या


प्रशिक्षण केंद्र,
१३ जानेवारी २०२५

ती. आत्यांस, सा. न.

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहिते आहे. परेडची शिट्टी व्हायच्या आत टपालात पडलं पाहिजे.

आत्या, ते बटण दाबू नका! चूक माझी, मुख्य नियमच सांगायचा राहिला. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला कुणाचा उंबरा ओलांडता येत नाही. आपली गढी भिंतींमुळे नाही, त्या नियमामुळे उभी आहे. निमंत्रण दिलं की ती अवस टोळीसकट आत येणार. आत आल्यावर मशाल लावायला तिला कुणाची परवानगी लागत नाही. प्रियंकाची पेटी दारापासून दिसते.

फोनसाठी साहेबांकडे अर्ज केला. कारण काय, असं त्यांनी विचारलं. आत्याने पिशाच्चांना हळदीकुंकवाला बोलावलं आहे, हे माझ्या तोंडून निघेना. रविवारपर्यंत थांब म्हणाले. रविवार एकोणीस तारखेला आहे.

दाबू नका. पाया पडते.
घाबरलेली,
संस्कृती


शुक्रवार पेठ, सोलापूर,
१७ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आज सकाळी आले. हळदीकुंकू काल झाले. आता शांतपणे बस आणि वाच. मला स्वतःला शांतपणे लिहिणे जमत नाहीये, पण प्रयत्न करते.

गल्लीतल्या बायका सकाळीच येऊन गेल्या. दुपारी अंबुबाईंना शेजारी बसवून मी बटण दाबले. गढीचे दार करकरत उघडले आणि लोंढा आत आला. काळे झगे, लांब सुळे, एकीच्या खांद्यावर तर घुबड! स्क्रीनवर लाल अक्षरे लुकलुकू लागली, घंटा वाजायला लागल्या. मला वाटले, पाहुणे आल्याची सूचना असेल. ती वेढ्याची घंटा होती, हे आज तुझ्या पत्रावरून कळले.

आल्या-गेल्याला रिकाम्या हाताने उभे ठेवायचे नसते. तिळगूळ त्या खेळात मिळत नाही. भांडारात कुप्या होत्या, त्या मी दारापासून एकेकीच्या हातात देत गेले आणि वाण म्हणून प्रत्येकीला एक मेणबत्ती. फुकट मिळते म्हटल्यावर पिशाच्चेही मागे हटत नाहीत. सगळ्यांनी कुप्या तिथेच तोंडाला लावल्या. मग त्यांनी तलवारी उपसल्या, पण हात वर जाईनात! एकेकीच्या डोक्यावर साखळीचे चिन्ह उगवले. अंबुबाईंनी चष्मा पुसून खालची बारीक अक्षरे वाचायला लावली. ज्या घरचे रक्त प्यायले, त्या घरावर हंगाम संपेपर्यंत शस्त्र उचलता येत नाही, असा तिथला नियम आहे. चार वर्षे खेळून तुला ठाऊक नव्हता, कारण चार वर्षांत तू कुणाला काही दिलेच नाहीस. घुबडवालीने इंग्रजीत विचारले, हा कुठला डाव. मी सांगितले, संक्रांत.

पण अवस राहिली होती. तिने कुपी घेतली नव्हती. हातात पेटलेली मशाल, आणि सरळ निघाली ती प्रियंकाच्या पेटीकडे. तलवार कशी काढायची तेच आठवेना. अंबुबाई इकडे दाबा, तिकडे दाबा म्हणून माझा दंड हलवत होत्या. अवस पेटीपाशी गेली आणि थांबली. समोर माझी सकाळची मेणबत्ती जळत होती. ती तिच्याकडे बघत उभीच राहिली. मशाल खाली येईना आणि विझेनाही.

तेवढ्यात माझा राग अनावर झाला. इंग्रजी सुचेना, म्हणून मी सरळ मराठीत लिहिले, की माझ्या दारातून वाण घेतल्याशिवाय आजवर कुणी गेलेले नाही, ती मशाल ठेव आणि गुमान बस.

मग तिकडून अक्षरे आली: आत्या, तुमी हाय व्हय?

संस्कृती, मला असे विचारणारी जगात एकच पोरगी आहे. मी डोळ्यांना पदर लावला. अंबुबाईंना वाटले, आपण हरलो.

मशाल ठेवून तिने कुपी घेतली. ‘बास’ म्हणाली आणि दुसरीसाठी हात पुढे केला. मग मी दोघींच्या वाटचे तिला एकटीलाच भरपूर बोलले. एकीने लग्नाला न जाऊन तोंड लपवायचे, दुसरीने नाव न सांगता महिनोन्‌महिने दारात उभे राहायचे! तुझा पत्ता दिला आहे. पुढचे तुमचे तुम्ही बघा.

पहारेकरी जागे आहेत. गढी उभी आहे. मेणबत्ती बदलली.

जिंकलेली,
महानंदाआत्या

ता. क. वसंतातल्या स्पर्धेत मी भाग घेणार आहे. अंबुबाईंनाही खाते काढून दिले. त्यांना घुबड पाहिजे.


माळशिरस,
२२ जानेवारी २०२५

प्रिय संस्कृतीस,
स. न. वि. वि.

आत्यांनी पत्रच लिही म्हणून सांगितलंय, म्हणून लिहितेय. शुद्धलेखन तपासू नको.

लग्नानंतर नवा फोन घेतला, जुन्या खात्यात जाताच येईना. म्हणून ‘अवस’ नावानं नवी सुरुवात केली. गढीच्या दारात आले आणि लिहिलं, मी आहे, आत घे. तू उत्तर दिलं न्हाईस. परत लिहिलं, परत न्हाय. नाव लिहायचं होतं, हे आत्या म्हणत्यात ते खरंय. पण तुला नाव कशाला सांगू मी? मी आहे म्हटल्यावर तुला कळायला पायजे होतं की.

लग्नात फोटो काढताना मी माझ्या बाजूची जागा मोकळी ठेवली होती. फोटोवाला सारखा म्हणत होता, सरका सरका. मग मला वाटलं, हिनं लग्नाला यायचं टाळलं तशी माझी पेटीबी कवाच फेकून दिली असंल. दुपारी ऊसतोडीच्या माणसांचं जेवण झालं की बसायचे आणि टोळी वाढवायचे. एवढी मोठी टोळी का केली म्हायताय? तुझी गढी जाळायला. लई राग होता.

आत आले तर पेटी समोरच, दारातून दिसंल अशी. पुढं मेणबत्ती. मी त्या मेणबत्तीवर बोट दाबलं तर कधीपासून लागती ते दिसतं तिथं. मी गेल्या दिवसापासून एक दिवस खंड न्हाय. ज्याचा खेळात काय उपयोग न्हाय, ते तू रोज करत बसलीस व्हय गं? मग मशाल कशी लावू मी?

टोळीतल्या बाया विचारत्यात, परत चढाई कधी. त्यांना सांगितलंय, खाल्लंय त्या घरचं, आता हंगाम संपेपर्यंत चूप बसा. सासूबाईंना सगळी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, तुझी ती आत्या मला भेटव.

माझी जुनी पेटी मी उघडली न्हाय. गढीतल्या माणसानंच झाकण उचलायचं असतं ना? गढी तुझी, तूच उचल. तवर मी वेशीबाहेर उभी हाय. सवय झालीय.

राग संपला, माया तशीच हाय, ती ठेव.
तुझी,
प्रियंका


प्रशिक्षण केंद्र,
२८ जानेवारी २०२५

प्रिय प्रियंकास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र परेडच्या बुटात लपवून दिवसभर चालले. टाचेला फोड आला. उस्तादांनी विचारलं, लंगडतेस का. म्हटलं, माळशिरसमुळे.

लग्नात तू जागा मोकळी ठेवली होतीस, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेटी मी आल्यावर उघडू, दोघी मिळून, आत्यांच्या स्वयंपाकघरात, दुपारी. अंबुबाई बघायला असतीलच.

ऑगस्टमध्ये आमचं दीक्षांत संचलन आहे. तारीख कळायची आहे, पण निमंत्रण आताच पाठवते. इथे गेटवर कडक पहारा असतो, यादीत नाव नसलेल्या कुणालाही आत घेत नाहीत. घरच्यांची नावं आज लिहून द्यायची होती. पहिलं नाव मी तुझं लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं, सासरचंही. आत्यांनी ते अंबुबाईंकरवी खेळात तुलाच विचारून घेऊन मला कळवलं होतं.

तेव्हा वेशीवर थांबू नकोस. सरळ आत ये.

तुझ्या बाजूची जागा धरून ठेवलेली,
संस्कृती