‘आई’ म्हणाली, पण आली नाही

सोम., १२ जाने.
ह्यांची आंघोळ, कपडे, मग पुन्हा कपडे. पाठ मोडली. नेहमीप्रमाणे शेजारचा विनू ऑफिसला जाताना आला, ह्यांना उचलून खुर्चीत बसवून गेला. ह्यांना अर्धांगवायू झाल्यापासून एक दिवस चुकला नाही पोरगा. त्याची आई मालूताई पंधरा दिवसांपासून पुण्याला, लेकीकडे. मला न सांगता गेली. असो.
दु. टीव्हीवर रहस्यपट. शेजाऱ्याच्या घरात कुणीतरी कोंडलेलं असतं. कोण, ते कळायच्या आत माझा डोळा लागला.

बुध., १४. संक्रांत
विनूला तीळगूळ दिला. म्हटलं, मालूताईला फोन लावून दे, दोन शब्द गोड बोलते.
"सो रही होगी काकू, नंतर लावतो."
सकाळी नऊला? अख्ख्या दाना ओली मोहल्ल्याच्या आधी उठणारी बाई ती.

शुक्र., १६
दूधवाला रामसेवक तणतणत आला. विनूच्या दाराला नवं लॅच, आत कोणी आहे की नाही कळत नाही. ह्याने कडी वाजवली.
"भीतर से बोलीं, 'आई... आई'. पर आईं नहीं. आधा घंटा खड़ा रखा."
हसले. मग हातातलं पातेलं खाली ठेवलं. "येते" म्हणत नव्हती ती. मराठीत हाक मारत होती. मालूताईची आई जाऊन चाळीस वर्षं झाली.
दिवाळीत तिने मला दोनदा विचारलं होतं, "तू कोणाची गं?" मला थट्टा वाटली.

शनि., १७
विनूने ह्यांना उचललं तेव्हा त्याच्या मनगटावर ओरखडे दिसले. ताजे. आज विचारायचंच, असं ठरवलं होतं. विचारलं काय, तर "चहा घेतोस?"
"नको काकू. नींदच होत नाही आजकल."
उद्यापासून हा आला नाही तर ह्यांना उचलणार कोण? लाज वाटते स्वतःची.

सोम., १९
विनू गेल्यावर गेले. सिनेमातली बाई भिंत चढून गेली होती. मला त्याच्या तीन पायऱ्या चढताना गुडघा धरावा लागला.
"मालूताई?"
आतून पाय घासत कोणी आलं. अगदी दाराला तोंड लावून, "आई?"
काय सांगायचं? तोंडातून गेलं, "आले गं."
लॅच बाहेरून उघडेना. ह्यांचं जेवण राहिलं होतं, परतले.

आता चार वाजलेत. विनू सहाला येतो. त्याच्याकडे किल्ली मागणार, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी चांगला हात हलवला. जा म्हणून की नको म्हणून, कळलं नाही.
भिंतीपलीकडे ती वाट बघत असेल. "आले" म्हणून सांगितलंय, आणि मी अजून इथेच.