डावखुऱ्याची शाई

१२ जानेवारी, फिंडले
बाबा म्हणायचे, "चेंडूवर सही उभ्या उभ्या होते. पत्र लिहायचं तर माणसाला तुझ्यासाठी बसावं लागतं." मी तेव्हा शाळेत होते. आज निवृत्त बेसबॉलवीरांची हाताने लिहिलेली पत्रं जमवणारी, ओहायोतली एकमेव गंभीर बाई मीच असावी.
संकल्प: नव्या कुणाला लिहायचं नाही. फक्त व्हर्न स्टॅडलर. बाबांचा देव. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आता म्हातारा, इंडियानात मन्सीला असतो.

१९ जानेवारी
आणखी तिघांना लिहिलं. ते आधीपासून मनात होते, म्हणजे नवे नव्हेत. प्रत्येकात तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. ड्वेन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की म्हातारे उत्तर देतात ते माझं पत्र आवडतं म्हणून नव्हे, तिकीट वाया गेलेलं आवडत नाही म्हणून.
ह्याच्याकडे व्हर्नच्या सहीचा चेंडू आहे म्हणे. फिसकटलेली सही, मागे कललेली. मला आलेल्या व्हर्नच्या पत्रांवरच्या सहीशी अजिबात जुळत नाही. खोटी आहे, हे मी केव्हाच सिद्ध केलंय.

३ फेब्रुवारी, दुपार
व्हर्नचं उत्तर. आई नोव्हेंबरात गेली, हे मी कळवलं होतं. लिहितात: "आईचं घर आवरशील तेव्हा स्वयंपाकघर शेवटी घे. ती तिथेच जास्त असेल."
पुन्हा पुन्हा वाचलं. नोव्हेंबरपासून धड रडले नव्हते.
मागच्या पानावर नूडल्सचं पीठ लाटून किती वाळवावं, ते. केवढा हरहुन्नरी माणूस. सतत परगावी सामने, हॉटेलचं खाणं, शिकले असतील.

११ फेब्रुवारी
आमच्या संग्राहकांच्या क्लबच्या एप्रिलमधल्या प्रदर्शनात मधलं टेबल मागितलं, मिळालं. अध्यक्ष अर्ल पत्रं बघून म्हणाला की डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून जातो, इथे एक डाग नाही. मी त्याला समजावलं, संयमी माणसाची शाई फिसकटत नाही. शिवाय अक्षराचं वळण बघ, असं मनगट फक्त चेंडू वळवणाऱ्याचं. अर्ल कॉफी आणायला गेला.

८ मार्च
व्हर्नना भेटायचं. टेबलावर दोघांचा फोटो हवाच. फोनवर त्यांच्या पत्नी, लोरीन, अगदी लगेच ये म्हणाल्या. सोबत घरच्या नूडल्स नेणार.
रात्री: चिकटल्या. केक विकत घेणार.

१५ मार्च, मन्सीहून परत
व्हर्न टीव्हीवर सराव सामना बघत होते. मी पत्रांबद्दल आभार मानले. त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "मी चेंडू टाकायचो, पोरी. पत्रं ही टाकते."
लोरीनचे हात पिठात होते. लग्नापासून चाहत्यांना त्याच उत्तरं लिहितात. लपवलं कधीच नाही, कुणी विचारलंच नाही. चेंडूवर मात्र सही व्हर्नचीच, आणि दर वेळी ती स्वतःच्याच हाताने फिसकटवतात.
त्या लाटत होत्या. उजव्या हाताने. मनगट मी लगेच ओळखलं.
मग मान वर न करता म्हणाल्या, "आई गेल्याचं तुझं पत्र आलं ना, तेव्हा ह्यांना वाचून दाखवलं नाही मी. मला वाटलं, हे मलाच आलंय."
निघताना मी म्हटलं, पुढच्या पत्राखाली तुमचं नाव घाला. हसल्या. माझ्या सहीचं कोण काय करणार, म्हणाल्या. ह्यांचंच नाव बरं दिसतं.
फोटो काढायचा राहिला.

१६ मार्च
टेबल परत केलं. अर्लने कारण विचारलं नाही, भला माणूस. ड्वेनने आपला चेंडू शेकोटीवरच्या फळीच्या मधोमध आणून ठेवला.
संकल्प: पत्रं जमवणं बंद. हे शेवटचं. परतीचं पाकीट घातलंय.
"प्रिय लोरीन, नूडल्स आज पुन्हा चिकटल्या. आईचं स्वयंपाकघर अजून आवरलेलं नाही. नाहीच म्हणणार तुम्ही, ठाऊक आहे. तरी विचारते. या वेळी खाली 'लोरीन' लिहाल?"